टॉक्सिक शॉकचा रुग्ण एक्मोपर्यंत वेळेत पोचावा म्हणून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

मी सव्वीस वर्षे अतिदक्षता विभागात परिचारिका म्हणून काम केले आणि निवृत्तीनंतर आता गोव्यातल्या सत्तरी तालुक्यात राहते. एक्मो हे हृदय आणि फुप्फुसे यांचे काम काही काळ शरीराबाहेरून करणारे यंत्र आहे. ‘एक्मोवर ठेवले आहे’ हे शब्द कानावर पडले की आपल्याकडची माणसे मनातल्या मनात त्या रुग्णाचा निरोप घेऊन मोकळी होतात, हे मी वारंवार पाहिले आहे. त्यांना दोष देता येत नाही. डिसेंबर २०१६ मध्ये तमिळनाडूच्या मुख्यमंत्री जयललिता यांना हृदयक्रिया बंद पडल्यावर या यंत्रावर ठेवल्याची बातमी आली आणि दुसऱ्याच रात्री त्या गेल्या. २०२० मध्ये गायक एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांच्यासाठी हे यंत्र कित्येक आठवडे चालले आणि तेही सप्टेंबरात गेले. एक्मो हा शब्द आपल्या घराघरांत पोचला तो अशा बातम्यांतून. परंतु एका आजारात, म्हणजे काही जिवाणूंच्या विषामुळे होणाऱ्या टॉक्सिक शॉकमध्ये, हे यंत्र योग्य रुग्णाला योग्य वेळी मिळाले तर तरुण माणूस पुन्हा घरी चालत येऊ शकतो, आणि त्यासाठी गोव्यात काय करणे शक्य आहे, हे सांगण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

माझ्या बहिणीच्या मुलाचे कुळागर, म्हणजे सुपारी-नारळाची बाग, आहे. वय एकतीस, कसलाही आजार नाही. आषाढात पाटातला गाळ काढताना त्याच्या नडगीला कोयत्याचे टोक लागले. जखम इतकी किरकोळ की त्याने हळद लावली आणि काम पुढे चालू ठेवले. तिसऱ्या दिवशी ताप, उलट्या, जुलाब आणि पोटरीत असह्य दुखणे सुरू झाले. “मावशी, पाय आतून फुटतोय असे वाटते,” हे त्याचे फोनवरचे शब्द माझ्या अजून कानात आहेत. रक्त तपासले तेव्हा प्लेटलेट्स ऐंशी हजार निघाल्या, गावात डेंग्यूची साथ होतीच, त्यामुळे डेंग्यू समजून सलाईन आणि वेदनाशामक गोळ्या देण्यात आल्या. डेंग्यूची तपासणी नकारात्मक आली होती, तरीही मी स्वतः, इतकी वर्षे अतिदक्षता विभागात काढलेली बाई, “पहिल्या दिवसांत कधीकधी तसे होते, डेंग्यूच असेल” असे म्हणाले. डेंग्यूत सगळे अंग मोडून येते. एकाच पायात, दिसणाऱ्या जखमेच्या मानाने कितीतरी पटींनी अधिक दुखत असेल तर त्याचा अर्थ वेगळा असतो, हे मला ठाऊक होते आणि त्या वेळी ते मला सुचले नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी त्याच्या छातीवर उन्हाने भाजल्यासारखी लाली उमटली, रक्तदाब ऐंशीवर चाळीस झाला आणि तो असंबद्ध बोलू लागला.

या आजाराची गोष्ट जरा सविस्तर सांगायला हवी, कारण यंत्राची गरज तिथूनच कळते. १९७८ मध्ये डेन्व्हरच्या जेम्स टॉड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी सात मुलांच्या आजाराचे वर्णन करून त्याला टॉक्सिक शॉक सिंड्रोम हे नाव दिले. त्या मुलांमध्ये स्टॅफिलोकोकस ऑरियस हा जिवाणू दोषी होता. दोनच वर्षांनी अमेरिकेत मासिक पाळीत अतिशोषक टॅम्पॉन वापरणाऱ्या स्त्रियांमध्ये त्याची साथ आली आणि त्यातला एक प्रकार बाजारातून मागे घ्यावा लागला. पुढे १९८० च्या दशकाच्या अखेरीस स्ट्रेप्टोकोकस या दुसऱ्या जिवाणूपासूनही असाच, किंबहुना अधिक घातक आजार होतो, हे स्पष्ट झाले. हा जिवाणू आपल्या ओळखीचा आहे. मुलांचा घसा सुजवणारा तोच, आणि एके काळी बाळंतिणींचे बळी घेणाऱ्या सूतिकाज्वरामागेही बहुधा तोच असे. जपानमध्ये २०२३ साली त्याच्या टॉक्सिक शॉकचे ९४१ रुग्ण नोंदवले गेले आणि २०२४ मध्ये तो आकडा जूनच्या आरंभीच ओलांडला गेला. आजार दुर्मीळच आहे. पण ज्याला होतो त्याच्याजवळ दिवस नसतात, तास असतात.

या जिवाणूंची विषे सुपरअँटिजेन म्हणून ओळखली जातात. एरवी एखादा जंतू शरीरात शिरला की आपल्या टी-पेशींपैकी दहा हजारांत एखादीच त्याला ओळखते आणि कामाला लागते. सुपरअँटिजेन मात्र ही ओळख पटवण्याची पायरीच वगळून दोन पेशींना बाहेरच्या बाहेर जोडतो आणि एकाच वेळी पाचांतील एका टी-पेशीलाही चेतवू शकतो. त्यातून जी रसायने रक्तात उसळतात त्यांनी रक्तवाहिन्या सैलावतात आणि गळू लागतात, रक्तदाब कोसळतो, मूत्रपिंडे बंद पडतात, फुप्फुसांत पाणी भरते आणि काही रुग्णांत हृदयाचा स्नायूच बधिर होतो. हा शेवटचा मुद्दा सर्वांत महत्त्वाचा. हृदयविकाराच्या झटक्यात रक्तपुरवठा तुटल्याने स्नायू मरतो; येथे तो बहुधा जिवंत असतो, फक्त काम करेनासा होतो, आणि रुग्ण तेवढे दिवस तगला तर सुमारे आठवडा-दहा दिवसांत पुन्हा आकुंचन पावू लागतो. मधले दिवस काढायचे कसे, एवढाच प्रश्न उरतो आणि एक्मोचे उत्तर तेवढ्याच प्रश्नाला आहे.

माझ्या भाच्याला ज्या खासगी रुग्णालयात नेले तेथे प्रतिजैविके आणि रक्तदाब वाढवणारे नॉरअ‍ॅड्रेनालिन लगेच सुरू झाले, याबद्दल मी कृतज्ञ आहे. पण पायाची लाली ‘किरकोळ’ वाटल्याने शल्यचिकित्सकांना दुसऱ्या दिवशी सकाळी बोलावण्यात आले. त्वचेखालचे थर तोवर सडत गेले होते. ते कापून काढल्यावर हृदयाची सोनोग्राफी झाली, तेव्हा हृदयाची डावीकडची खालची पोकळी एरवी निम्म्याहून अधिक रक्त बाहेर फेकते ती जेमतेम पंधरा टक्के फेकत होती आणि तीन औषधांच्या कमाल मात्रेवरही रक्तदाब टिकत नव्हता. “एक्मोचा विचार करा,” असे तेथील डॉक्टरांनी प्रामाणिकपणे सांगितले. कोठे, कोणाला विचारायचे, हे मात्र कोणीच सांगू शकले नाही. पुढचे सहा तास माझी बहीण, तिचा दीर आणि मी तीन फोनवरून ओळखीतल्या ओळखी शोधत होतो. अखेर शेजारच्या राज्यातील एका रुग्णालयाचे पथक यंत्र घेऊन रस्त्याने आले, त्यांनी येथेच मांडीतील नीला आणि रोहिणी यांत नळ्या घातल्या आणि पहाटे भर पावसात घाट चढून त्याला नेले. निघण्यापूर्वी आमच्याकडून तीन लाख रुपये जमा करून घेतले गेले. ते आमच्याजवळ होते, म्हणून तो गेला. नसते तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

यंत्राचे काम ऐकायला सोपे आहे. हृदयाच्या उजव्या बाजूकडे जाणाऱ्या मोठ्या नीलेतून बोटाएवढ्या जाडीची नळी रक्त ओढून घेते, पंप ते एका पेटीत ढकलतो, पेटीत केसासारखे बारीक हजारो पोकळ तंतू असतात, तंतूंच्या आतून प्राणवायू आणि बाहेरून रक्त वाहते, रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो, प्राणवायू मिसळतो आणि ऊब दिलेले रक्त रोहिणीतून परत शरीरात जाते. प्रौढ माणसात मिनिटाला सुमारे चार लिटर. एक नळी कोकमाच्या आगळासारखी गडद आणि दुसरी लालभडक, अशा त्या दोन नळ्या मी सहा दिवस पाहिल्या. फक्त फुप्फुसे निकामी असतील तर रक्त नीलेतून काढून नीलेतच परत देतात. हृदयही थकले असेल तर ते रोहिणीत द्यावे लागते.

या पेटीत जिवाणू मरत नाहीत आणि विषही गाळले जात नाही, हे नातेवाइकांना कोणीतरी स्पष्ट सांगायला हवे. जिवाणूला मारायचे ते पेनिसिलिनसारख्या प्रतिजैविकाने, विष तयार होणे थांबवायचे ते क्लिंडामायसिनने, कारण ते औषध जिवाणूची प्रथिने बनवण्याची यंत्रणाच रोखते, आणि सडलेला भाग काढायचा तो सुरीने. यांतले काहीही राहून गेले असेल तर पंप कितीही दिवस फिरवला तरी उपयोग होत नाही. यंत्राचे स्वतःचे धोकेही मोठे आहेत. गुठळ्या होऊ नयेत म्हणून हेपारिन द्यावे लागते आणि ताज्या शस्त्रक्रियेची जखम मग वाहत राहते. मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो. मांडीतल्या नळीमुळे त्याच पायाचा रक्तपुरवठा तुटू शकतो, म्हणून खाली आणखी एक बारीक नळी घालावी लागते. आणि रोहिणीत उलट्या दिशेने येणाऱ्या रक्ताचा ताण आधीच दमलेल्या हृदयावर पडतो.

भाच्याच्या उशाशी बसून मी तिथल्या सिस्टरांचे काम पाहिले आणि माझ्या काळातले अतिदक्षता विभागातले काम मला त्यापुढे सोपे वाटले. एका रुग्णाला पूर्ण पाळीभर एक सिस्टर. ती दर तासाला दोन्ही पावलांची नाडी डॉप्लरने शोधायची, विजेरी लावून पेटीच्या कोपऱ्यांत काळ्या गुठळ्या दिसतात का ते बघायची, नळी थरथरू लागली की रक्ताचे आकारमान कमी पडते आहे हे ओळखून डॉक्टरांना हाक मारायची. प्राणवायूचे मोजमाप मुद्दाम उजव्या हातावरच घ्यायची, कारण हृदय सावरू लागले आणि फुप्फुसे अजून खराब असली की मेंदूकडे जाणारे रक्त काळेच राहते आणि पायाच्या बोटावर मात्र आकडा शंभर दिसतो. पहिले तीन दिवस मॉनिटरवरची रक्तदाबाची रेघ जवळजवळ सपाट होती, कारण रक्त पंप ढकलत होता, हृदय नव्हे. चौथ्या दिवशी दुपारी त्या रेघेवर बारीक लाटा उठू लागल्या. आधी मला भास वाटला. संध्याकाळी त्या सिस्टरनेच मला बोट दाखवून सांगितले, “बघा, हे त्याचे स्वतःचे ठोके आहेत.” सहाव्या दिवशी यंत्र काढले. दुसऱ्या आठवड्यात तळहातांची कातडी सोलून निघाली, जशी या आजारात निघते. तीन आठवडे डायलिसिस लागले आणि डाव्या पायाची चार बोटे गमवावी लागली. आज तो कुळागरात जातो.

एका भाच्यावरून काही सिद्ध होत नाही, याची मला जाणीव आहे. म्हणून अभ्यास काय सांगतात तेही लिहिते. २०२० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात जंतुसंसर्गामुळे हृदय अत्यंत क्षीण झालेल्या, एक्मोवर ठेवलेल्या ८२ प्रौढ रुग्णांची तुलना एक्मो न मिळालेल्या तशाच १३० रुग्णांशी करण्यात आली, नव्वद दिवसांनंतर पहिल्या गटातील ६० टक्के आणि दुसऱ्या गटातील २५ टक्के रुग्ण जिवंत होते. मेलबर्नमधील मुलांच्या रुग्णालयाने २०११ मध्ये आपले अनुभव मांडले, त्यात छाती उघडून थेट हृदयाजवळ नळ्या जोडलेल्या २३ मुलांपैकी १७ वाचली. हे आकडे जुन्या नोंदींवरून काढलेले आहेत, चिठ्ठ्या टाकून दोन गट पाडलेले नाहीत, त्यामुळे त्यांच्यावर डोळे झाकून विसंबू नये. शिवाय ज्या रुग्णाच्या फक्त रक्तवाहिन्या सैलावल्या आहेत आणि हृदय जोमाने चालते आहे, अशा प्रौढाला हे यंत्र फारसे काही देत नाही. हृदयविकाराच्या झटक्यानंतरच्या शॉकमध्ये सरसकट एक्मो लावल्याने मृत्यू कमी झाले नाहीत, असे २०२३ मध्ये चिठ्ठ्या टाकून केलेल्या एका मोठ्या अभ्यासात दिसले. म्हणून ‘काहीही करा, पण यंत्र लावा’ हा नातेवाइकांचा हट्ट आणि ‘एक्मो म्हणजे शेवट’ ही हताशा, या दोन्हींमुळे रुग्णाचे नुकसानच होते.

आता गोव्याविषयी. आपले राज्य ३,७०२ चौरस किलोमीटरचे, लोकवस्ती पंधरा लाखांच्या आसपास. इतक्या लहान प्रदेशात असे रुग्ण मोजकेच असणार आणि एक्मोचे कौशल्य तर वापराने टिकते. वर्षाला तीसहून अधिक प्रौढ रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांत सहापेक्षा कमी रुग्ण हाताळणाऱ्या केंद्रांहून मृत्यू कमी होतात, असे आंतरराष्ट्रीय नोंदींच्या २०१५ मधील विश्लेषणात आढळले आहे. म्हणून प्रत्येक मोठ्या रुग्णालयाने एकेक यंत्र घेऊन कोपऱ्यात झाकून ठेवावे, अशी माझी मागणी नाही. सर्व रुग्ण, मग ते टॉक्सिक शॉकचे असोत, फ्लूच्या न्यूमोनियाचे असोत वा हृदयस्नायूच्या दाहाचे, एकाच ठिकाणी जावेत आणि तेथे डॉक्टर, यंत्र चालवणारे परफ्युजनिस्ट आणि प्रशिक्षित सिस्टरांचा चमू चोवीस तास असावा. १८४२ पासूनची वैद्यकशिक्षणाची परंपरा सांगणारे आपले गोमेकॉ, म्हणजे गोवा वैद्यकीय महाविद्यालय, बांबोळीला आहे. असे केंद्र सरकारी छत्राखालीच चालावे, असे मला मनापासून वाटते.

परंतु केंद्राहून अधिक निकड आहे ती केंद्रापर्यंतच्या वाटेची. हृदयविकाराच्या झटक्यासाठी आपल्याकडे ‘स्टेमी गोवा’ प्रकल्प चालू आहे. ग्रामीण केंद्रात काढलेला ईसीजी गोमेकॉतल्या तज्ज्ञांकडे जातो, गुठळी विरघळवणारे इंजेक्शन तिथल्या तिथे दिले जाते आणि मग रुग्ण पुढे हलवला जातो. हीच पद्धत जंतुसंसर्गाच्या शॉकसाठी का असू नये? काणकोणच्या वा वाळपईच्या डॉक्टरसमोर ताप, खालावलेला रक्तदाब आणि जखमेच्या मानाने विसंगत वेदना असलेला रुग्ण आला, तर त्याने एक ठरलेला क्रमांक फिरवावा, प्रतिजैविके तासाभरात सुरू करावीत, पेनिसिलिनच्या जोडीला क्लिंडामायसिन द्यावे, शल्यचिकित्सकाला त्याच रात्री जखम दाखवावी आणि औषधांच्या वाढत्या मात्रेवरही रक्तदाब धरत नसेल तर हृदयाची सोनोग्राफी करून एक्मोच्या चमूशी तेव्हाच बोलावे, मूत्रपिंडे आणि यकृत बंद पडल्यावर नव्हे. यातील क्लिंडामायसिन कोणत्याही औषधाच्या दुकानात मिळते. काणकोणहून बांबोळी सत्तर किलोमीटरच्या आसपास आहे. जो रुग्ण हलवण्याजोगा नसेल त्याच्याकडे चमूनेच यंत्र घेऊन जावे, जसे स्टॉकहोमच्या कॅरोलिन्स्का रुग्णालयाचे पथक कित्येक वर्षे विमानानेसुद्धा जात आले आहे. आमच्या मुलासाठी परराज्यातले पथक घाट उतरून आले, तर राज्यातल्या राज्यात हे अशक्य का असावे?

पैशांचा मुद्दा थोडक्यात मांडते. राज्य सरकारच्या दीनदयाळ स्वास्थ्य सेवा योजनेत तिघांपर्यंतच्या कुटुंबाला वर्षाला अडीच लाख आणि त्याहून मोठ्या कुटुंबाला चार लाख रुपयांचे संरक्षण आहे. एक्मोचा खर्च ही मर्यादा दोन-तीन दिवसांत संपवतो. ज्या आजारात हृदय पूर्ववत होण्याची आशा आहे अशा आजारांसाठी, तज्ज्ञ समितीच्या शिफारशीवरून, योजनेबाहेरची वेगळी तरतूद करावी. रुग्ण थोडे असल्याने राज्याच्या आरोग्य खात्याला तो भार पेलण्यासारखा आहे.

आणखी एक विनंती डॉक्टरांना आहे, विशेषतः पावसाळ्यात डेंग्यू आणि लेप्टोच्या (लेप्टोस्पायरोसिसच्या) रुग्णांच्या रांगा सांभाळणाऱ्या तालुक्यांतील डॉक्टरांना, ज्यांचे कष्ट मी जवळून पाहिले आहेत. प्लेटलेट्स उतरल्या की डेंग्यू, ही सवय साथीच्या दिवसांत स्वाभाविक आहे. पण टॉक्सिक शॉकमध्येही त्या उतरतात. त्या रुग्णाची चादर बाजूला करून पाय, पाठ आणि जखमा एकदा पाहाव्यात, नुकत्याच बाळंत झालेल्या स्त्रीला पोटदुखी आणि ताप असेल तर तिला घरी पाठवू नये आणि ‘दुखणे सहन होत नाही’ हे रुग्णाचे वाक्य केसपेपरवर त्याच्याच शब्दांत लिहावे. आम्ही तसे केले असते तर त्या मुलाच्या पायाची बोटे कदाचित वाचली असती.

आरोग्य खात्याने असा एकच क्रमांक ठरवावा, तो प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात, खासगी दवाखान्यात आणि १०८ च्या प्रत्येक रुग्णवाहिकेत लावावा, आणि तो जाहीर होईल त्या दिवशी आपल्या दैनिकाने पहिल्या पानावर ठळक छापावा, ही विनंती.

आपली विश्वासू,
एक निवृत्त परिचारिका, सत्तरी